फळ्यासमोरची चौदा वाक्ये

सोमवार, ६ नोव्हेंबर २०१७. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. पुठ्ठ्याच्या कारखान्यात कुलपांच्या फळ्यासमोर सतरा माणसे उभी होती आणि अठरावा माणूस, म्हणजे धाकटा, त्यांच्याकडे तोंड करून उभा होता.

त्या कारखान्याचा एक रिवाज होता. जुन्या कागदाच्या गठ्ठ्यांचा लगदा करणाऱ्या तीन मोठ्या टाक्या तिथे होत्या. प्रत्येक टाकीच्या तळाशी एक जाडजूड पाते फिरत असे. त्यात गुरफटलेल्या तारा, चिंध्या आणि प्लास्टिक काढण्यासाठी आठवड्यातून एकदा कोणाला तरी आत उतरावे लागे. उतरण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करायचा, त्याच्या दांड्यात आपले लाल कुलूप अडकवायचे, किल्ली खिशात टाकायची आणि मगच शिडीवर पाय ठेवायचा. ज्याचे कुलूप, त्यानेच ते काढायचे. म्हणून नवा माणूस कामावर आला, की पहिल्या सोमवारी त्याने फळ्याजवळ उभे राहून आपली ओळख करून द्यायची, तीही त्या परक्या देशाच्या भाषेतून, म्हणजे फ्रेंचमधून, कितीही मोडकीतोडकी असली तरी. आणि त्यानंतर आपले कुलूप आपल्या खिळ्यावर टांगायचे. स्विचवर कुलूप दिसले की नुसता नंबर दिसू नये, त्यामागचा माणूस डोळ्यांसमोर यावा, एवढाच त्या रिवाजाचा हेतू.

धाकट्याला हे सगळे आधीपासून ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी त्याचा सख्खा मोठा भाऊ, त्याचा दादा, याच फळ्यासमोर उभा राहिला होता आणि त्यानंतर अकरा आठवड्यांनी तिसऱ्या टाकीत मेला होता. कंपनीच्या अहवालात कामाची अशी एकच ओळ होती: सदर कामगार स्वतःचे कुलूप न लावता टाकीत उतरला.

त्या एका ओळीने घराची घडी विस्कटली. वडील, आप्पा, तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे शिकवत होते. यंत्राला हात लावण्याआधी वीज तोडायची, हे त्यांनी हजारो पोरांच्या डोक्यात ठोकून बसवले होते, आणि त्या हजारांत त्यांची स्वतःची दोन पोरेही होती. अहवालाचे भाषांतर आले तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचले, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिले. आईने दादाचा फोटो भिंतीवर लावायला काढला, तर म्हणाले, "वर्कशॉपमध्ये आम्ही चांगलं काम भिंतीवर लावायचो. चुकलेलं नाही लावत." त्या दिवसापासून त्यांनी मोठ्या मुलाचा विषय काढला नाही. दुसऱ्या कोणी काढलाच, तर ते पाणी प्यायला उठत आणि परत येत नसत.

धाकट्याच्या मात्र ते गळी उतरत नव्हते. गॅसचा खटका बंद आहे की नाही हे जिन्यावरून तीनदा परत येऊन पाहणारा माणूस कुलूप विसरेल कसा? खरे काय ते कळेपर्यंत त्याच्या जिवाला चैन पडणार नव्हते. तीन वर्षे खटपट करून, एका ठेकेदारामार्फत, त्याने त्याच कारखान्यात काम मिळवले. कोणाचा भाऊ हे तिथे सांगितले नाही. निघताना आप्पा दारापर्यंत आले. एवढेच म्हणाले, "जे असेल ते कळव. गोड करून सांगू नकोस."

राहायची सोय मावशीकडे झाली. ही काही नात्यातली मावशी नव्हे. इस्पितळाच्या धुलाईखान्यात बावीस वर्षे इस्त्री करून त्या गावात मुरलेली आपल्याकडची बाई. वरची खोली ती भाड्याने देई आणि नव्या लोकांचे दुभाष्याचे कामही करी. दादाही त्याच खोलीत राहिला होता. कॉट तीच होती. भिंतीवर, उशीच्या उंचीला, पेन्सिलीने केलेल्या एक ते चौदा अशा खुणा होत्या. मावशीने रंग काढला तेव्हा त्या खुणांभोवतीने ब्रश फिरवला होता.

त्या खुणा कशाच्या, हे त्याला माहीत होते. दादाने कामावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आपली ओळख फोनवर रेकॉर्ड करून पाठवली होती. "ऐक रे, पाठ झालंय का बघ," असे आधी मराठीत, आणि मग चौदा वाक्ये फ्रेंचमध्ये. एक मिनिट बावन्न सेकंद. पाचव्या वाक्यानंतर एक खोकला, नवव्यानंतर स्वतःच्याच उच्चारावर आलेले हसू. घरात दादाचा आवाज एवढाच उरला होता. तीन वर्षांत धाकट्याने तो किती वेळा ऐकला याची गणती नव्हती. फ्रेंच त्याला येत नव्हते. ती चौदा वाक्ये येत होती.

त्यामुळे स्वतःची ओळख तयार करायची वेळ आली, तेव्हा त्याने नवे काही लिहायचा खटाटोप केला नाही. रीतसर तक्ता आखला. डावीकडे दादाचे वाक्य, उजवीकडे आपले. घरी हाक मारायचे नाव बदलायचे, भावाचे वाक्य बदलायचे, आणखी तीन किरकोळ ठिकाणे. वयाच्या ओळीपाशी त्याची पेन्सिल थांबली. दादा त्या वेळी एकतीस वर्षांचा होता. धाकटा त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. म्हणजे ते वाक्य बदलायची गरजच नव्हती. पेन्सिल खाली ठेवून तो बराच वेळ खिडकीबाहेरचा बंद दुकानाचा फलक पाहत बसला.

रविवारी मावशीने त्याची परीक्षा घेतली. ती इस्त्री करत होती आणि तो समोर हात बांधून उभा होता.

"'मला एक धाकटा भाऊ आहे,' म्हणालास," मावशी मध्येच म्हणाली. "तुला कुठला धाकटा भाऊ? आईनं मला न विचारता पाळणा हलवला की काय?"

"चुकलं. पुन्हा म्हणतो."

दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. मावशीने इस्त्री उभी केली.

"आणि मध्ये खोकलास कशाला? सर्दी झालीये?"

"नाही."

"मग?"

मावशीने हातातला शर्ट उगाचच दोनदा झटकला. "हे बघ, पोपटासारखं नको बोलूस. कळून बोल. तो त्याची ओळख सांगून गेला. तू तुझी सांग."

तिसऱ्या खेपेला सगळे बरोबर आले. चौथ्या आणि पाचव्या खेपेलाही.

आणि आता तो फळ्यासमोर उभा होता. मुकादम, रुंद खांद्यांचा, नेहमी घड्याळाकडे पाहणारा गृहस्थ, त्याच्या हातात कुलूप देऊन बाजूला झाला. "बाँझूर," असे म्हणून धाकट्याने सुरुवात केली. माणसे थोडी कंटाळलेली, थोडी कौतुकाने पाहणारी. कोणी जांभई देत होते. नव्या माणसाची ओळख म्हणजे कामाआधीची तीन मिनिटांची सुटी.

पहिले वाक्य नावाचे. दुसरे, 'घरी मला दादा म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा.'

म्हणून झाल्यावर त्याला उमगले. उजवीकडचे वाक्य म्हणायचे होते आणि तोंडातून डावीकडचे निघाले होते. थांबावे, तर पुढचे सुचणार नव्हते; ती चौदा वाक्ये त्याच्या डोक्यात सुटी नव्हतीच, एकाच दोऱ्यात ओवलेली होती. जांभई देणाऱ्याचे तोंड तसेच उघडे राहिले. तिसरे वाक्य: 'मी एकतीस वर्षांचा आहे.' चौथे: 'मी पंपांचा फिटर आहे.' पाचवे: 'मला थंडी फार वाजते.' आणि इथे त्याला खोकला आला.

समोरच्या रांगेतला गठ्ठे उचलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर एक पाऊल मागे सरकला. मागच्याच्या पायावर त्याचा बूट पडला, पण तो माणूस हूं की चूं करेना. धाकट्याचा आवाज आता त्याच्या ताब्यात नव्हता. आई फोनवर दोघा भावांत नेहमी गोंधळायची, "मोठा बोलतोस की धाकटा?" असे आधी विचारून घ्यायची. तो आवाज त्या पत्र्याच्या छपराखाली एकेक वाक्य संथपणे मांडत चालला होता. 'मला एक धाकटा भाऊ आहे. तो माझ्यापेक्षा हुशार आहे, पण त्याला सांगू नका.' नवव्यानंतर हसू. तेही आले, त्याच जागी, तेवढेच.

शेवटची दोन वाक्ये अशी होती: 'मला एवढीच चौदा वाक्ये येतात. पंधरावे तुम्ही शिकवा.'

छपराचे पंखे फिरत होते तेवढाच आवाज. मग मागच्या रांगेत पोलादी पेला जमिनीवर पडला आणि गडगडत खांबापाशी जाऊन थांबला. तो पेला कारखान्याच्या वायरमनचा होता. साठीला आलेला, किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला माणूस. पेला उचलायला तो वाकला नाही. त्याचे ओठ हलले आणि त्यांतून एक लहानसे वाक्य निघाले, चार-पाच शब्दांचे, जवळजवळ श्वासाएवढे. धाकट्याला त्याचा अर्थ कळला नाही. त्याने ते कानात धरून ठेवले.

"कुलूप टांग," मुकादम खेकसला. तेवढे खुणेवरून समजले.

त्या दिवसापासून धाकट्याकडे कोणी थेट पाहीना. लगद्याचा ओलसर, आंबूस वास सगळीकडे भरलेला असे, आणि त्या वासातून तो चालत गेला की माणसे बोलायची थांबत. दुपारच्या सुटीत त्याच्या टेबलावर कोणी बसले नाही. पण कॉफीच्या यंत्रापाशी असलेल्या बाईने त्याच्यासमोर पेला ठेवला तेव्हा त्यात आधीच दोन चमचे साखर घातलेली होती. दादा दोन चमचे घ्यायचा. धाकटा बिनसाखरेची पीत असे. त्याने ती गोड कॉफी तळापर्यंत प्यायली, कारण परत देण्यासाठी लागणारे वाक्य त्याच्यापाशी नव्हते.

"दादा," ड्रायव्हरने मंगळवारी त्याला हाक मारली आणि लगेच जीभ चावली.

आणखी एक गोष्ट त्याने टिपली. पहिली टाकी सुरू करताना माणसे आत डोकावत, बटण दाबत, आणि कामाला लागत. दुसरीचेही तसेच. तिसरी सुरू करताना मात्र कोणीतरी पाना घेऊन टाकीच्या पत्र्यावर तीनदा ठोके मारी. मग सगळे थांबत. पाच-सहा सेकंद कान देऊन ऐकत. आतून काही आले नाही, की मगच बटण. नियमावलीत असे काही नव्हते. त्याने चित्रांसकट ती पाहिली होती. मंगळवारी ठोके मारणारा ड्रायव्हर होता, बुधवारी दुसराच कोणी. वायरमन त्या वेळी दोन्ही दिवस तिथून निघून गेला.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्या आल्या धाकट्याने मावशीला ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले होते. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"शिकवलं नाही. त्या चष्मेवाल्या वायरमनच्या तोंडून निघालं. अर्थ काय?"

"'मी आत आहे.'" मावशी खुर्चीवर टेकली. "अरे, ते तर त्यानंच तुझ्या दादाला शिकवलेलं. पहिल्या दिवशी. पंधरावं वाक्य म्हणून. दादा घरी आला तो हेच घोकत आला. जिन्यात म्हणायचा, न्हाणीत म्हणायचा. मी दार वाजवलं की आतून फ्रेंचमध्ये ओरडायचा. हसून हसून पुरेवाट."

ती आता हसत नव्हती.

"मावशी, त्या दिवशी काय झालं होतं?"

"मला काय माहीत? मला संध्याकाळी बोलावलं, पोलिसांसमोर भाषांतर करायला. मुकादम सांगत गेला, मी सांगत गेले." तिने मांडीवरची घडी बाजूला ठेवली. "एक गोष्ट मात्र तीन वर्षं डोक्यातून जात नाही. दादाला काही विचारायचं असलं की मुकादम मला फोन करायचा. नंबर त्याच्याकडे होताच. सुरुवातीला दिवसातून चार-चार वेळा. मी वैतागायचे, म्हणायचे, पगार मला द्या आता. मग हळूहळू फोन कमी झाले. त्या दिवशी तर एकही नाही."

गुरुवारी, ९ नोव्हेंबरला, संध्याकाळी साडेपाच वाजता दारावर टकटक झाली. वायरमन उभा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू. त्याने टोपी काढली आणि बसायला सांगितले तरी बसला नाही. मावशीने धाकट्याला खालच्या खोलीत बोलावले, आणि त्या इस्त्रीच्या टेबलाच्या एका बाजूला वायरमन, दुसऱ्या बाजूला धाकटा आणि मध्ये मावशी अशी तिघे उभी राहिली.

वायरमनने कागद उलगडला. आत लाल कुलूप होते. त्याची कडी एका बाजूने कापलेली होती.

"विचारतोय, तू त्याचा कोण," मावशी म्हणाली.

"धाकटा भाऊ."

मावशीने सांगितले. वायरमनने डोळे मिटून घेतले, जणू उत्तर ठाऊक असूनही ते येऊ नये अशी त्याची इच्छा होती. मग तो बोलू लागला. तो दोन वाक्ये बोले आणि थांबे, मावशी ती मराठीत आणी, आणि मग पुढची दोन.

"म्हणतो, कुलूप होतं. स्विचवर होतं. नीट लावलेलं."

धाकट्याने टेबलाची कड धरली.

"शुक्रवार होता. दोनला पाळी संपते. दोन वाजून दहा मिनिटं झाली तरी तिसऱ्या टाकीवर कुलूप तसंच. त्याच्या आदल्या आठवड्यात दादा एकदा कुलूप काढायला विसरून घरी आला होता... हो रे, ते खरं आहे, मलाच पाठवलं होतं त्याला उठवायला. तीन तास टाकी बंद पडली. मुकादमानं थयथयाट केला होता. म्हणून त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, पुन्हा विसरून गेला."

"मग कापलं?"

"थांब. म्हणतो, नियम आहे. आधी ज्याचं कुलूप त्याला फोन करायचा. त्याचा आवाज ऐकायचा. मग टाकीत उतरून बघायचं. मगच कापायचं. हा म्हणाला, फोन करू या. तर मुकादम म्हणाला..." मावशी अडखळली. वायरमनने तेच वाक्य पुन्हा, अधिक हळू म्हटले. "मुकादम म्हणाला, 'फोन करून काय करणार? चौदा वाक्यं येतात त्याला. त्यांतलं कुठलं ऐकायचंय तुला?' आणि सगळे हसले. म्हणतो, मीही हसलो."

रस्त्यावरून एक गाडी गेली. खिडकीची काच थरथरली.

"कापायचं हत्यार यानंच आणलं. यानंच कापलं. टाकीत डोकावून पाहिलं नाही. स्विचपासूनच एक हाक मारली, पण पंखे चालू होते. मग टाकीशेजारचं बटण दाबलं." वायरमन बोलत राहिला, आणखी एक वाक्य, आणखी एक. मावशी सांगेना.

"मावशी?"

"नको रे."

"आप्पांनी सांगितलंय, गोड करू नकोस म्हणून. सांगा."

मावशीने पदराने तोंड पुसले. "म्हणतो, बटण दाबल्यावर त्याला आतून ऐकू आलं. स्वच्छ. एकही चूक नव्हती. जसं शिकवलं होतं, तसंच." ते पंधरावे वाक्य तिने मराठीत म्हटले नाही. म्हणायची गरजही नव्हती.

पुढचे तिने एका दमात सांगून टाकले. मुकादमाने फळ्यावरच्या दादाच्या खिळ्याला कोठारातले दुसरे कुलूप टांगले, म्हणजे दादाने आपले कुलूप उचललेच नव्हते असे दिसावे. कापलेले कुलूप भंगारात टाकायला याच्याकडे दिले. याने ते टाकले नाही. घरी नेले. तीन वर्षे माळ्यावर होते. त्याची बायको म्हणते, तू झोपेत कोणाला तरी उत्तर देतोस.

धाकट्याला वाटले होते, खरे कळले की तो ओरडेल, कोणाची तरी मानगूट धरेल. यातले काहीच झाले नाही. त्याने कुलूप उचलले, उलटे केले, तळाशी ठोकलेला नंबर पाहिला, आणि आप्पा एखाद्या पोराला कामाचा जाब विचारत तसे एकेक विचारू लागला.

"कडी दांड्यातून पूर्ण आरपार होती?"

"हो म्हणतो."

"आधी स्विच खाली ओढलेला होता?"

"होता."

"कुलपाला किल्ली लागलेली नव्हती ना? काढलेली होती?"

"काढलेली होती."

"म्हणजे त्याच्याकडून एकही पायरी चुकली नाही."

मावशीने हे वायरमनला सांगितले. तो म्हातारा मान हलवत राहिला आणि त्याच्या चष्म्याची दोरी हलत राहिली. "म्हणतो, मी आयुष्यात पाहिलेल्यांत सगळ्यात नीट लावलेलं कुलूप. आणि विचारतोय, आता मी काय करू."

"मला एकट्याला सांगून काय उपयोग?" धाकटा म्हणाला. "फळ्यासमोर सांगायला सांगा त्यांना."

हे ऐकून वायरमन प्रथमच खाली बसला. नोकरी जाईल, म्हणाला. कदाचित तुरुंगही. दोन वर्षांत निवृत्त होणार आहे. मावशीने ते शब्दाला शब्द सांगितले. धाकट्याने कुलूप पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळले आणि वायरमनच्या बाजूला सरकवले.

"अरे, पुरावा परत देतोस?" मावशी मराठीत कुजबुजली. "वेडाबिडा झालास का?"

"मी घेऊन गेलो तर ते चोरीचं ठरेल, मावशी. नाहीतर भंगारातलं. त्यांच्या हातून निघालं तरच खरं."

शुक्रवार गेला. शनिवार-रविवार त्याचा जीव टांगणीला लागला होता. उशीजवळच्या खुणांकडे पाहत तो पडून राही. म्हाताऱ्याने कुलूप नदीत टाकले तर? मावशी दोनदा वर आली, चहा ठेवून गेली.

सोमवार, १३ नोव्हेंबर. त्या दिवशी कोणी नवा माणूस नव्हता, तरी वायरमन पाळी सुरू होण्याआधी फळ्याजवळ जाऊन उभा राहिला, नव्या माणसाने उभे राहायचे त्याच जागी. दोन-तीन जण हसले. कोणी तरी टवाळी केली. बहुधा, "म्हातारा आता नोकरीला लागला वाटतं," अशा अर्थाची. त्याने हात वर केला.

पहिले वाक्य नावाचे. दुसरे वयाचे. तिसरे: 'मी वायरमन आहे. सव्वीस वर्षे इथे काम करतो.' एवढे धाकट्याला समजले, कारण ती वाक्ये त्याच्या चौदांतल्यासारखीच होती. त्यापुढचे त्याला एक अक्षरही कळत नव्हते. त्याने समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले आणि ते तिथून वाचले. ड्रायव्हरने हातमोजे काढले. कॉफीवाल्या बाईने तोंडावर हात ठेवला. मुकादमाने एकदा घड्याळ पाहिले, मग पाहीनासा झाला. वायरमनने कागद उलगडून कापलेले कुलूप डोक्याच्या वर धरले तेव्हा मुकादम काहीतरी ओरडला. पण कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही.

शेवटी ड्रायव्हर पुढे आला आणि वायरमनच्या शेजारी उभा राहिला. तो एकच वाक्य बोलला. संध्याकाळी मावशीकडून धाकट्याला त्याचा अर्थ कळला: 'मीही हसलो होतो.' त्याच्यामागून आणखी एक जण आला. मग कॉफीवाली बाई. ती त्या दिवशी हसली नव्हती, पण हसणे तिने ऐकले होते.

चौकशी पुन्हा उघडली. ती सात महिने चालली. अधिकाऱ्यांना कुलपाची खात्री पटवायची होती, म्हणून मृताच्या वस्तूंतली किल्ली मागवली. ती घरी, आईच्या पेटीत होती. आप्पांनी स्वतः ती कापसात गुंडाळली, डबीत ठेवली, डबीवर पत्ता लिहिला आणि पोस्टात जाऊन पावती घेतली. आई म्हणाली, चौदा किलोमीटर चालत गेले, बसची वाट पाहायला तयार नव्हते. किल्ली कापलेल्या कुलपात फिरली. मुकादम आणि वायरमन दोघांवर खटला उभा राहिला. कारखान्यात फोन करण्याचा नियम बदलून असा केला, की समोरच्याची भाषा येत नसेल तर दुभाष्याला फोन लावल्याशिवाय कापायचे हत्यार कपाटातून बाहेर काढायचेच नाही.

दुरुस्त अहवाल २१ जून २०१८ रोजी हाती आला. मावशीने रात्रपाळीची सुटी काढून त्याचे मराठी केले, आणि धाकट्याने घरी फोन लावला. आप्पांनीच उचलला. नऊ पाने होती. धाकटा पहिल्या पानापासून वाचू लागला, तसे आप्पांनी त्याला थांबवले.

"बाकी मग. तक्ता असेल ना शेवटी? त्यातला आकडा वाच."

धाकट्याने शेवटचे पान काढले.

"टाकी क्रमांक तीन. घटनेच्या वेळी स्विचवर मृत कामगाराने लावलेली कुलपे: एक."